कालव्याकांठचें स्वयंपाकघर



बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचें नांव निघालें कीं, बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम ऊंस उभा राहतो. तें साहजिकच आहे. भाटघरचें पाणी घेऊन १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा या मुलुखांत उतरला, आणि ज्या काळ्या रानांत पावसाच्या भरंवशावर शाळू पेरीत, तेथें पुढें ऊंस व त्यामागून साखरेचे कारखाने आले. पैसा आला, शाळा आल्या. त्याविषयीं वाद नाहीं. परंतु या भरभराटीची एक बाजू चुलीपाशीं बसल्याशिवाय दिसत नाहीं. सगळें रान उसाखालीं गेलें म्हणजे घरची ज्वारी, घरची मटकी, बांधावरची तूर हें सारें विकत आणावें लागतें. उसाचें बिल वर्षांतून एकदां-दोनदां हातीं येतें, भूक मात्र दोन्ही वेळां लागते. मधल्या काळांत दुकानदाराची वही भरत राहते. ज्याच्यापाशीं रान आहे त्याची ही गत. मग रोजगारावर जगणाऱ्या घराविषयीं काय बोलावें? म्हणून थोडक्या पैशांत सकस अन्न कसें मिळवावें, हा प्रश्न शहरांतल्या चाकरमान्याइतकाच आपलाही आहे.

बाजारांत भाव किलोवर सांगतात, आणि आपणही तेवढ्यावरून स्वस्त-महाग ठरवून मोकळे होतों. शरीर मात्र त्या किलोंत सत्त्व किती आहे हें पाहतें. केंद्र सरकारनें २०२४-२५ सालासाठीं जाहीर केलेला हमीभाव मालदांडी ज्वारीला क्विंटलमागें ३,४२१ रुपये, तुरीला ७,५५० आणि मुगाला ८,६८२ रुपये असा होता. धान्याच्या दुपटीहून अधिक भाव डाळीला असल्यामुळें हात आंखडतांना गृहिणी प्रथम डाळच कमी करते. आमटींत पाणी वाढतें, भाकरी वाढते, आणि पोट भरल्याचें समाधानही होतें. वाढत्या मुलाचें आणि गरोदर बाईचें नुकसान होतें तें येथें.

त्यावर उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. शंभर ग्रॅम हुलग्यांत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात. तुरीच्या डाळींतही जवळजवळ तितकींच. भाव मात्र हुलग्याचा बहुधा तूरडाळीहून कमी असतो. पण हें गरिबाचें, नव्हे बैलाचें खाद्य, असें म्हणून आपण त्याला पंगतींतून उठविलें. हुलग्याचें माडगें, शेंगोळी हे पदार्थ आतां पाहुण्यांना कौतुकानें वाढतात. रोजच्या ताटांत ते असावेत असें कोणाला वाटत नाहीं, याची मला खंत वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० सालच्या प्रमाणाप्रमाणें ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारें ४६ ग्रॅम प्रथिनें लागतात. तीनशें ग्रॅम ज्वारीच्या पिठांतून त्यांपैकीं सुमारें ३० मिळतात, पन्नास ग्रॅम हुलग्यांतून ११, आणि उरलेलीं एक मूठ शेंगदाण्यांतून. ज्वारींत लायसीन नांवाचा जो घटक कमी पडतो तो कडधान्य भरून काढतें. म्हणून भाकरीशेजारीं पिठलें किंवा उसळ असावी. कडधान्य रात्रीं भिजत घातलें तर तें लवकर शिजतें, आणि सिलिंडरही चार दिवस अधिक पुरतो.

आतां रेशनविषयीं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालीं प्राधान्य कुटुंबांना माणशीं महिना ५ किलो धान्य मिळतें, व १ जानेवारी २०२३ पासून तें मोफत आहे. पांच माणसांच्या घरीं २५ किलो आले. तेवढ्यावर महिना निघत नाहीं हें खरें. तरी जो पैसा वांचतो तो जातो कोठें? बहुतेक घरांत तो चकचकीत पुड्यांत जातो. मुलाला शाळेंत जातांना रोज पांच रुपयांची पुडी दिली तर महिन्याला दीडशें रुपये होतात. तेवढ्यांत शेंगदाणे आणि गूळ आणावा. मूल रुसेल, पण दोन दिवसच.

भाजींतही असेंच आहे. हिंवाळ्यांत हरभऱ्याचा पाला आणि चाकवत, पावसाळ्यांत तांदुळजा व घोळ, आणि परसांत शेवग्याचें एक झाड असलें तर त्याचा पाला. शेवग्याच्या पाल्यांत वजनीं दुधाच्या दुपटीहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम असतें. पालेभाजीवर लिंबू पिळावें, म्हणजे त्यांतलें लोह अंगीं लागतें; आणि जेवणावर लगेच चहा घेऊं नये, तो तें लोह अडवितो. फळांचें म्हणाल तर हंगामांतला पेरू संत्र्याहून क जीवनसत्त्वानें कित्येक पटींनीं श्रीमंत आहे. ज्यांना मासळी चालते त्यांनीं भिगवणचा बाजार विसरूं नये. उजनीच्या पाण्यांतली चिलापी रोहू-कटल्यापेक्षां बहुधा स्वस्त पडते. ताजी मात्र पाहून घ्यावी.

शेवटीं सांठवणीचें. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्यें निघतो, आणि जिरायत पट्ट्यांतली, सुपें-मोरगांवकडची ज्वारी खळ्यावरून घेतली तर दुकानाहून स्वस्त पडते. वर्षाचें धान्य एकदम भरावें, असा उपदेश करणें सोपें आहे. ज्याच्या हातीं रोजचा रोजच पैसा येतो त्यानें एकदम कोठून आणावा? अशा घराला पावशेर-पावशेर घ्यावें लागतें आणि म्हणून गरिबालाच धान्य महाग पडतें. येथें गांवोगांवच्या बचत गटांना काम आहे. दहा-बारा बायकांनीं आठवड्याला थोडेंथोडें जमवून सुगीच्या दिवसांत दोन-तीन पोतीं एकत्र घ्यावींत, उन्हांत खडखडीत वाळवावींत, कडुनिंबाचा वाळला पाला घालून कोरड्या पत्र्याच्या डब्यांत भरावींत. कडधान्याला एरंडेल चोळावें. दळण मात्र आठवड्यापुरतेंच आणावें, ज्वारीचें पीठ फार दिवस ठेवलें कीं कडवट होतें. आणि वांटणी एकाच घराच्या ओट्यावर, एकाच तागडीनें, सर्वांच्या डोळ्यांदेखत करावी. पुढच्या वर्षीं गट टिकणें बरेंचसें त्या तागडीवर अवलंबून असतें.