रंग शेवटी, आधी पत्रा

मी लष्कराच्या ईएमईमधून निवृत्त झालेला अधिकारी. फौजेच्या ट्रकपासून रणगाड्यांपर्यंत सगळं दुरुस्त करणारी ही शाखा. आता सिकंदराबादला असतो. जुनी, ठोकलेली गाडी घेऊन लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "साहेब, डेंटिंग-पेंटिंग केलं की गाडी नवी होईल ना?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. नवी दिसेल नक्की. नवी होईल की नाही, ते रंगाखालच्या पत्र्यावर ठरतं.

आमच्या शक्तिमान ट्रकची किंवा जोंगाची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी असायची. मडगार्ड चेपलं तर ते मडगार्डापुरतंच. मारुती ८०० चं तसं नाही. तिला वेगळी चासीच नाही. फ्लोअर, खांब, छप्पर आणि दरवाजाखालची पेटीसारखी पट्टी, म्हणजे आपला रनिंग बोर्ड, हे सगळं एकमेकांना वेल्ड करून गाडीचा सांगाडा बनतो. आजच्या बहुतेक मोटारी अशाच असतात. त्यामुळे वरून पोचा दिसतो, पण मार सांगाड्यापर्यंत गेलेला असू शकतो.

म्हणून हातोडा उचलण्याआधी टेप उचला. दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि दुसऱ्या बाजूच्या दरवाजाशी ताडून पाहा. बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का बघा. दरवाजा उचलून लावावा लागतो का? टायर एकाच कडेला झिजतोय का? यातलं काही आढळलं तर आधी सांगाडा जिगवर ओढून सरळ करायचा. रंगाचं नंतर बघू.

गेल्या वर्षी एक निवृत्त हवालदार आले. जुनी गाडी नुकतीच विकत घेतलेली, आणि रंग असा की आरशासारखं तोंड दिसावं. नातीला शाळेत सोडायला घेतली होती. मी खिशातून लोहचुंबक काढला आणि त्यावर पातळ फडकं गुंडाळून गाडीवर फिरवला. छपरावर चिकटला, दरवाजावर चिकटला, डाव्या रनिंग बोर्डावर मात्र खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. खालून स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा दाबला, तर मुठीपर्यंत आत गेला. तिथे पत्रा उरलाच नव्हता. जाळी, पुट्टी आणि वरून रंग. बाजूने धक्का बसला असता तर मागच्या सीटवरच्या मुलीला वाचवायला तिथे काय होतं?

हवालदारसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "विकणाऱ्याला हे ठाऊक असणार ना?" ज्याने तिथे पुट्टी भरली, त्याला तरी ठाऊक होतंच. आम्ही सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, नवा वेल्ड केला, आतल्या पोकळीत गंजरोधक वॅक्स मारलं. वेल्डिंगआधी बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवली, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवलं. हे तिन्ही कुठल्याही गॅरेजात आपण उभं राहून बघावं.

आता पत्रा शाबूत असलेल्या गाडीचं काम. पोचा कडेकडून मध्याकडे काढत यायचा. मागे डॉली, पुढे हलका हातोडा. जोरात ठोकलं की पत्रा ताणतो आणि मग डबडब वाजत राहतो. गंज असेल तर चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचा. त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे, कारण उघडा पत्रा दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो.

पुट्टी वाईट नाही, जाडी वाईट. हातोड्याने जे सपाट होत नाही त्यासाठी दोन मिलिमीटर, फार तर तीन. हार्डनर डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त घातलं की काही दिवसांनी वरच्या रंगावर डाग उमटतात. पुट्टी कोरडीच घासा, ती पाणी पिते आणि ते पाणी रंगाखाली अडकतं. पेपर ८० नंबरपासून सुरू करून १८०, ३२० असं चढत जायचं. प्रायमर मारला की त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा द्यायचा आणि ठोकळ्यावर पेपर लावून घासायचं. जिथे काळं उरलं तिथे खड्डा. डोळा फसतो, हे फसत नाही.

एवढं झालं की रंगाचं काम थोडंच राहतं. साधा पांढरा-लाल सहज जुळतो. मेटॅलिक मात्र शेजारच्या पॅनलवर विरत न्यावा लागतो, नाहीतर उन्हात जोड दिसतो. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर नोंद लागते. आणि ऑलिव्ह ग्रीन नकोच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा. फौजेची हौस असेल तर फौजेत या, स्वागत आहे.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असतं. ते श्वासातून जात राहिलं तर कायमचा दमा जडू शकतो. आपल्या गॅरेजांतली वीस-बावीस वर्षांची पोरं तोंडाला रुमाल बांधून हे रंग मारतात. रुमालाने धूळ अडेल, ही वाफ अडत नाही. किमान कोळशाच्या फिल्टरचा मास्क हवा. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा असेल तर उत्तम. आपण मजुरीत पाचशे रुपये कमी करा म्हणून घासाघीस करतो, तेव्हा पहिला कापला जातो तो मास्क. काम देताना विचारा, "मास्क आहे का?" नसेल तर घेऊन द्या.

मग जुनी गाडी दुरुस्त करावी की भंगारात द्यावी? सांगाडा सरळ असेल आणि रनिंग बोर्ड, फ्लोअर, शॉकअपच्या वरच्या वाट्या शाबूत असतील, तर जरूर करा. या तिन्ही जागा सडल्या असतील तर गाडीला हात जोडा आणि निरोप द्या. आणि दुरुस्त करून विकणार असाल, तर कुठे काय कापलं, काय जोडलं, ते फोटोंसकट घेणाऱ्याला सांगा. किंमत थोडी कमी येईल. पण त्या गाडीच्या मागच्या सीटवर उद्या कोणाची तरी नात बसणार आहे.

पुढच्या पावसाळ्याआधी एवढं करा: दरवाजांच्या आणि रनिंग बोर्डाच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि पत्र्याचं आयुष्य वाढवतं.

जय हिंद.