हजेरीपटावरचं भूत



विषय विचारायला संयोजकांचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "शाळेत घडणारे भयपट." पलीकडून सूचना आली, "म्हणजे शिक्षणाची सद्यःस्थिती असं छापू या का?" तसं नाही. मी खरोखरच भुतं, चेटकिणी आणि रक्ताच्या सिनेमांबद्दल बोलणार आहे. मात्र भाषण संपल्यावर संयोजकांचं अगदीच चुकलं नव्हतं असं तुम्हाला वाटलं, तर माझी हरकत नाही.

आमची चार जणांची एक मंडळी आहे. फिल्म सोसायटीत वाढलेला एक मित्र, एक वकील मैत्रीण, गणिताचे निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे 'सर'च म्हणतो, आणि मी. एकत्र सिनेमे बघायचे आणि मग क्रम लावत भांडायचं, हा आमचा उद्योग. शाळेतल्या भयपटांची यादी करायला बसलो तेव्हा पहिल्या क्रमांकावरून जुंपेल असं वाटलं होतं. जुंपली ती पात्रतेवरून. वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "शाळा कशाला म्हणायचं?"

कारण फिल्म सोसायटीवाल्याने सुरुवातच 'सस्पिरिया'पासून केली होती. दारिओ आर्जेंतो यांचा 1977 चा इटालियन चित्रपट. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधली नृत्यशाळा, भर पावसात रात्री तिथे पोचणारी अमेरिकन मुलगी, लालभडक भिंती, छतावरून टपटपणाऱ्या अळ्या आणि गोब्लिन या बँडचं ते अंगावर येणारं संगीत. मित्राचं म्हणणं सरळ होतं: भयपटाने खुर्चीत घाबरवावं, बाकी सगळं प्रबंधवाल्यांसाठी. त्याने एक चांगली गोष्टही सांगितली. आर्जेंतोंना या भूमिकांत लहान मुली हव्या होत्या. ते जमलं नाही, तेव्हा त्यांनी दारांच्या मुठी मुद्दाम उंचावर बसवल्या. मोठ्या मुली दार उघडताना हात वर नेतात आणि आपल्या नकळत लहान दिसू लागतात. शाळा माणसाला किती लहान करते, हे सुताराकडून करून घेतलेलं काम मला फार आवडतं.

तरी सरांनी हरकत घेतलीच. "या शाळेत शिकवतं कोण? एक तास धड होत नाही." मग त्यांनी आपल्या विषयातली कसोटी पुढे केली: सिनेमातून भूत वजा करायचं आणि बाकी काय उरते ते पाहायचं. बाकी शून्य आली तर शाळा फक्त नेपथ्य होती. 'सस्पिरिया'तून चेटकिणी काढल्या तर उरतात सुंदर रंगवलेल्या भिंती. मित्र चिडला, पण मला ही कसोटी पटली आणि आज मी तीच घेऊन बोलणार आहे.

ती लावली की यादी भराभर गळते. रात्री रिकाम्या इमारतीत अडकलेली मुलं, जुन्या वर्गातला खुनी, ऐंशीच्या दशकातले ते सगळे अमेरिकी मारधाडपट यांना शाळेऐवजी इस्पितळ किंवा गिरणी दिली असती तरी काही बिघडलं नसतं. शाळेची खरी भीती दिवसाची असते. सकाळी, सगळे हजर असताना.

आंरी-जॉर्ज क्लूझो यांच्या 1955 च्या 'ले दिआबोलिक'मध्ये ती आहे. पॅरिसजवळची एक कंजूष निवासी शाळा. मुख्याध्यापक मुलांना शिळे मासे खायला घालतो, बायकोचा सर्वांदेखत अपमान करतो, आणि त्याची प्रेयसी त्याच शाळेत शिक्षिका आहे. या दोघी मिळून त्याला संपवतात आणि प्रेत शाळेच्या पोहण्याच्या तलावात टाकतात. तलाव उपसला जातो, तर प्रेत नाही. इथून पुढची भीती क्लूझो शालेय सामानातूनच काढतात. काच फोडणारा एक मुलगा सांगतो की, मला मुख्याध्यापकांनीच शिक्षा केली. शाळेचा समूहफोटो काढला जातो आणि मागच्या खिडकीत कुणाचा तरी चेहरा दिसतो. दरवर्षी आपण सगळे ज्याच्यासाठी केस विंचरून उभे राहिलो, तो फोटो! शेवट मित्रांना सांगू नका, अशी विनंती चित्रपट संपताना पडद्यावर येते. ती मी पाळतो. भूत वजा केलं तरी इथे भरपूर उरतं, पण ते मोठ्यांचं आहे. मुलं बिचारी साक्षीदार.

मुलांचं भय पहायचं तर 'कॅरी' घ्यावा लागतो. स्टीफन किंग तेव्हा मेन राज्यात एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि फिरत्या घरात राहून रात्री लिहीत होते. 'कॅरी'ची पहिली पानं त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकली; पत्नी टॅबिथा यांनी ती बाहेर काढून वाचली आणि पुढे लिहायला लावलं. कादंबरी 1974 मध्ये आली, ब्रायन डी पाल्मा यांचा चित्रपट 1976 मध्ये. किंग यांनी लिहून ठेवलं आहे की, कॅरीमागे त्यांच्या शाळेतल्या दोन खऱ्या मुली होत्या, वर्गाने वाळीत टाकलेल्या. ते लिहायला बसले तोवर दोघीही या जगात नव्हत्या.

सगळ्यांना डुकराच्या रक्ताची बादली आठवते. संमेलनाच्या राणीची निवड, त्यासाठी बदललेल्या मतपत्रिका, व्यासपीठावर उभी असलेली सिसी स्पेसेक आणि वरून कोसळणारं रक्त. पण आमच्या सरांनी बोट ठेवलं ते त्याच्या खूप आधीच्या एका प्रसंगावर. न्हाणीघरात मुलींनी कॅरीची विटंबना केल्यावर तिला मुख्याध्यापकांपुढे उभं करतात. गृहस्थ दुष्ट नाही, उलट सहानुभूतीने बोलतो. फक्त तिला सारखा 'कॅसी' म्हणतो. चूक सुधारून दिली तरी पुन्हा 'कॅसी'. ती ओरडते आणि टेबलावरचा ॲशट्रे आपोआप उडतो. तिची शक्ती वजा करा. मुख्याध्यापकाला नाव न आठवणारी मुलगी शिल्लक राहते. अशी मुलगी प्रत्येक तुकडीत असते.

व्यायामाच्या शिक्षिकेवरून मात्र आमच्यात एकमत झालं नाही. ती कॅरीची बाजू घेते, मुलींना कडक शिक्षा करते, आणि त्या शिक्षेतूनच सूडाचा कट शिजतो. वकीलबाईंच्या मते दोष शिक्षेचा नाही. मला वाटतं, डी पाल्मांना दाखवायचं होतं की शाळेतला न्यायही वर्गासमोरच होतो, आणि वर्ग ते विसरत नाही.

तरीही माझ्या यादीत 'कॅरी' दुसरा आहे. पहिला आहे 1998 चा दक्षिण कोरियन चित्रपट 'व्हिस्परिंग कॉरिडॉर्स', दिग्दर्शक पार्क की-ह्युंग. सिनेमा म्हणून तो 'कॅरी'पेक्षा उणा आहे, हे आधीच कबूल. मध्ये रेंगाळतो, शेवटी फार समजावून सांगतो. पण शाळेचा सिनेमा म्हणून त्याच्या जवळपास कुणी नाही.

मुलींची शाळा. 'म्हातारी कोल्हीण' या टोपणनावाची बाई रात्री एकटी जुन्या वर्षांचे फोटोंचे अंक चाळते आहे. काहीतरी ध्यानात येतं, आणि ती आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, जी आता त्याच शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होणार आहे, घाबरून फोन करते: जिन-जू अजून शाळेत येते आहे. सकाळी बाईंचं प्रेत लटकलेलं सापडतं. जिन-जू कित्येक वर्षांपूर्वी शाळेतच मेली होती. ज्यांना सिनेमा बघायचा आहे त्यांनी पुढची दोन वाक्यं कानांवर हात ठेवावेत. ती मेल्यावरही वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा त्याच शाळेत शिकत राहिली. हजेरी होत होती, फोटो निघत होते, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही.

याहून भयंकर कल्पना मला शाळेबद्दल सुचत नाही. हे भूत अंधारात दबा धरून बसत नाही, ते तासाला बसतं. ज्या व्यवस्थेत मुली म्हणजे हजेरीपटावरचे क्रमांक, तिथे एक क्रमांक मेलेला असला तरी बेरीज जुळते. दिग्दर्शक भुताभोवती सगळी व्यवस्था मांडतो: मुलींना मारणारा आणि त्यांच्याशी लगट करणारा 'पिसाळलेला कुत्रा' नावाचा वर्गशिक्षक, पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या दोघी मैत्रिणींमध्ये तुलनेने आणलेलं वैर, त्यातून एकीची आत्महत्या. ज्या देशात नोव्हेंबरमधल्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीच्या श्रवणचाचणीपुरती विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात, तिथला हा सिनेमा आहे. आणि ज्यांना फक्त दचकायचं आहे, त्यांच्यासाठी लांब कॉरिडॉरच्या टोकाला उभी असलेली मुलगी आहे. कॅमेऱ्याचे तीनेक तुकडे, आणि ती थेट आपल्या तोंडापुढे. फिल्म सोसायटीवालाही तिथे हलला. या मालिकेत पुढे आणखी पाच चित्रपट आले, शेवटचा 2021 मध्ये. त्यांतला 1999 चा 'मेमेंटो मोरी' दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट सांगतो, आणि जाणकार त्याला पहिल्यापेक्षा वर ठेवतात. ठेवोत.

तिसरा तैवानचा 'डिटेन्शन', 2019, दिग्दर्शक जॉन श्यू. तैवानात 1949 ते 1987 लष्करी कायदा होता. गोष्ट 1962 ची. काही शिक्षक आणि विद्यार्थी चोरून वाचनमंडळ चालवतात, बंदी असलेली पुस्तकं हाताने उतरवून घेतात. त्यांत आपले रवींद्रनाथही आहेत! कुणीतरी चुगली करतं. मग एक मुलगी ओसाड शाळेत जागी होते, आणि भुतांपेक्षा भयंकर असं काहीतरी तिला आठवू लागतं. हा सिनेमा 2017 च्या एका व्हिडिओ गेमवरून केला आहे, हे कळल्यावर सरांनी नातवाला लावलेले नियम थोडे सैल केले म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे काय? आपल्या भुताचा पत्ता वेगळा आहे. 'लपाछपी'त ते उसात, 'तुंबाड'मध्ये वाड्यात. नाहीतर विहीर आहे, पिंपळ आहे. शाळा आपल्या पडद्यावर बहुधा आठवणींची जागा म्हणून येते. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा सुजय डहाके यांचा 'शाळा' घ्या. त्यात आणीबाणी आहे, पण मनात राहतं ते पहिलं प्रेम. सरांची कसोटी उलट्या बाजूने लावली तर मात्र एक मराठी सिनेमा सापडतो: 2010 चा महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो'. बापाच्या एका फटक्याने मुलगा कोमात जातो, तेही मार्कांपायी. भूत आधीच वजा केलेलं आहे. माझ्या मते तो भयपटच, फक्त जाहिरात तशी केली नव्हती. हिंदीत 2023 मध्ये 'अधुरा' ही उटीच्या निवासी शाळेतली वेबमालिका आली. वकीलबाई म्हणाल्या, "भूत जिल्हा परिषदेच्या शाळेत का जात नाही?" सर म्हणाले, "एकच मास्तर चार इयत्ता सांभाळतो. भूत आलं तर त्यालाही एक वर्ग देतील."

एका चित्रपटाला आम्ही क्रमांक दिला नाही. गस व्हॅन सँट यांचा 'एलिफंट', 2003 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेतल्या 1999 च्या गोळीबाराची सावली असलेला. कॅमेरा मुलांच्या पाठीमागून कॉरिडॉरमधून शांतपणे चालत राहतो, बराच वेळ काही घडत नाही, आणि मग घडतं. फिल्म सोसायटीवाल्याला तो दुसऱ्या स्थानावर हवा होता. वकीलबाई म्हणाल्या की, खऱ्या आयांनी ओळख पटवलेल्या मुलांच्या रांगेत कॅरीला उभं करायचं नाही. मी त्यांच्या बाजूने गेलो, आणि पुन्हा स्टीफन किंगच आठवले. 'रेज' ही त्यांची टोपणनावाने आलेली 1977 ची कादंबरी, वर्ग ओलीस धरणाऱ्या बंदूकधारी मुलाची. शाळांतल्या खऱ्या गोळीबारांशी तिचं नाव जोडलं जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी स्वतःच ती छपाईतून काढून घेतली. भीती विकून जगणाऱ्या लेखकाने आपल्याच पुस्तकाबाबत आखलेली ही रेघ आम्हा चौघांना पुरेशी वाटली, निदान तिघांना.

'सस्पिरिया'ला आम्ही स्पर्धेबाहेर विशेष उल्लेख दिला आहे. तो निर्णय मित्राला मान्य नाही, आणि हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मधला शाळेबाहेर कावळे जमण्याचा प्रसंग एकटाच साऱ्या यादीवर भारी आहे, असाही त्याचा दावा आहे. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखला आहे. मित्र तिसऱ्या रांगेत बसला आहे. माईक त्याच्याकडे सगळ्यात शेवटी द्यावा, ही कार्यकर्त्यांना विनंती.