‘नाही’ या उत्तरापासून प्रयोगशाळेपर्यंत
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



महाराष्ट्रापासून दूर असलेल्या या शहरात ६० वर्षे मराठीतून ज्ञानदान करणाऱ्या आपल्या शाळेने मला बोलावले, हा मी माझा बहुमान समजतो. मूत्रपिंडविकारांचा डॉक्टर संशोधनाकडे का वळला, हे सांगण्याची मला आज्ञा झाली आहे.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास डायलिसिस घ्यावे लागते. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये हे यंत्र रुग्णांसाठी प्रथम वापरले. त्यातून वाढलेल्या या उपचाराने असंख्य प्राण वाचवले. परंतु यंत्र रक्त शुद्ध करते, मूत्रपिंड बरे करीत नाही. प्रत्यारोपणाने आयुष्य पालटते, पण गरजूंच्या मानाने अवयव फार थोडे मिळतात. ‘डॉक्टर, मूत्रपिंड पूर्ववत होईल का?’ या प्रश्नाला मी वर्षानुवर्षे ‘नाही’ एवढेच म्हणत आलो. ते ‘नाही’ मला स्वस्थ बसू देईना.

त्यामागचे कारण जन्मापूर्वीच घडलेले असते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात. त्यांची निर्मिती गर्भावस्थेच्या सुमारे ३६व्या आठवड्यात संपते. त्वचेवरची जखम भरून येते. गमावलेला नेफ्रॉन पुन्हा निर्माण होत नाही.

आशेचे दार जपानमध्ये उघडले. डॉक्टर असलेल्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या, तर २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींसारख्या अवस्थेत नेले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेशींना गर्भातल्या क्रमाने रासायनिक संकेत दिले, तर त्या मूत्रपिंडाची ऊती घडवू लागतात. ऑस्ट्रेलियातील मेलिसा लिटल यांच्या गटाने २०१५ मध्ये अशी सूक्ष्म प्रतिरूपे वाढवून दाखवली.

ही प्रतिरूपे काही मिलिमीटरची असतात. त्यांना पुरेसा रक्तपुरवठा नसतो, मूत्र वाहून नेणारा मार्गही नसतो. रुग्णात बसवण्याजोगे मूत्रपिंड अजून दूर आहे. मात्र रुग्णाच्याच पेशींपासून त्याचा आनुवंशिक विकार बशीत अभ्यासता येतो, त्यावर औषधे पारखता येतात. माझे काम तेवढेच आहे.

म्हणूनच पालकांना एक कळकळीची विनंती. ‘मूलपेशींच्या इंजेक्शनने मूत्रपिंड बरे’ अशा जाहिरातींना भुलून घरदार विकू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. उरलेले नेफ्रॉन जपणे आजही आपल्या हाती आहे.

विद्यार्थीमित्रांनो, या विषयातले पुष्कळ काम तुमच्या पिढीसाठी शिल्लक आहे. ‘नाही’ असे उत्तर मिळाले, की ‘का नाही?’ असे अवश्य विचारा. शाळेच्या शताब्दीला इथे उभे राहणाऱ्या डॉक्टरला ‘होय’ म्हणता यावे, अशी शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.