वेशीबाहेरचा कोरा कागद



आपल्यातल्या एका मित्राला चोरबाजारात एक जुनं छापील चित्र सापडलं. एकोणिसाव्या शतकातलं, दख्खनच्या खेड्याचं. देऊळ, वड, पाण्याला निघालेल्या दोन बाया, मागं पाटलाची गढी. कुत्रंसुद्धा झोपलेलं. मित्र म्हणतो, किती शांत गाव आहे, अंकाच्या मुखपृष्ठावर घेऊ. मी धाराशिव जिल्ह्यातला, तुळजापूरकडचा. गोदीत क्रेनला बोजे अडकवतो. चित्रातलं मला फार कळत नाही. पण गाव कळतं.

असलं चित्र कसं करतात ते ऐका. तांब्याच्या पत्र्याला मेण फासायचं. सुईनं मेण खरवडून रेघा ओढायच्या. मग पत्रा तेजाबात. सुई लागली तिथं तेजाब तांबं खातं, त्या खाचेत शाई बसते, कागदावर उतरते. सुई लागली नाही तिथं मेण शाबूत, कागद कोरा. आता वेशीबाहेर बघा. तुम्हाला माळ वाटतोय. तो माळ नाही, तिथं सुई गेलीच नाही. तिथं आमचा म्हारवाडा.

आमच्याकडं असाच एक चित्रं काढणारा साहेब होता, मेडोज टेलर. 1853 ला निजामानं नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडं कारभाराला दिला, तेव्हा आला. त्याची दख्खनची चित्रं त्याआधीच, 1837 ला, लंडनला दगडावरून छापलेली. पुढं 1863 ला तुळजापूरची पार्श्वभूमी घेऊन ‘तारा’ कादंबरीही लिहिली. हे चित्र त्याचं नाही. पण त्या काळातल्या साहेबांना आपलं खेडं लई आवडायचं. मेटकाफनं तर खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं ठरवलं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी त्याचं नाव घेऊन ही खेड्याची भक्ती सोलून काढली.

गाव शांत का होतं? रात्री वेशीवर येसकर जागा होता म्हणून. सरकारी सारा घेऊन म्हार ठाण्यापर्यंत पळत होता म्हणून. मेलेलं ढोर कोणीतरी ओढून नेत होतं, म्हणून देवळापाशी वास नव्हता. मांगाचा दोर नसता तर ती विहीरही कोरडीच. आणि मोबदला? वतन! म्हणायला जमिनीचा तुकडा, राबायला सगळं घरदार, वर संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. माझी आजी ते सांगताना आवाज खाली करायची, शहरातल्या खोलीतसुद्धा. ह्याच प्रश्नावर 1941 च्या फेब्रुवारीत आमच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले. तिथं गाव शांत नव्हतं.

तेव्हा मुखपृष्ठाचं म्हणाल तर माझा विरोध नाही. छापा. फक्त चित्र मधोमध लावू नका, वर सरकवा. खाली चार बोटं जागा ठेवा. आमची वस्ती मी काढून देतो. हात कच्चा आहे, रेघा वाकड्या येतील. येऊ द्या.