टिपणवही मोबाइलमध्ये ठेवताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोबाइलमध्ये टिपणे ठेवावयाची तर कोणते ॲप घ्यावे, ह्या विषयावर चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. गेल्या वर्षभरात मंडळातल्या पुष्कळ जणींनी हाच प्रश्न विचारला, म्हणून विषय ठीक आहे. मात्र ॲपाचे नाव विचारण्याआधी आपण काय काय टिपतो ते पाहू.

दुधाचा हिशेब. रोवणीला आलेल्या बायांचे रोज. गटाचे हप्ते. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा. गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली. कोणाच्या लग्नात काय आहेर आला आणि आपण काय दिला. हे सगळे आजवर कुठे होते? पुष्कळसे भिंतीवरच्या कालनिर्णयावर होते. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली काढले, तेव्हापासून त्यातल्या चौकोनांत किती घरांचे दूध लिहिले गेले असेल त्याची गणतीच नाही. त्या चौकोनाचा एक मोठा गुण आहे. बाई माहेरी गेली किंवा दवाखान्यात पडली, तरी घरातले कोणीही खिळ्याजवळ उभे राहून हिशेब वाचू शकते. मोबाइलमधली वही कुलपात असते. फोन बांधीतल्या चिखलात पडला, चोरीला गेला, की वहीही गेली काय? ॲप निवडताना हा प्रश्न मी पहिला ठेवते. रंग, चित्रे, आकार हे सगळे मागाहून.

ह्यावर एक जुनी गोष्ट आठवते. आपल्या भागात महानुभाव पंथाची घरे पुष्कळ आहेत, त्यांना ती ठाऊक असेल. चक्रधरस्वामींच्या शिष्यांत आपल्या भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकर होते. स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ठिकठिकाणी फिरून, माणसांना विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र लिहिले. ही तेराव्या शतकातली गोष्ट. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ वाचला तो लोकांना पाठ होता म्हणून. आठवून आठवून तो पुन्हा लिहिला गेला आणि त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ झाले. पंथाने पुढे आपल्या पोथ्या सकळ लिपी नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिल्या. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण शेकडो वर्षे बाहेरच्या माणसाला त्यांतले अक्षर लागेना. त्यांना तेच हवे होते. आपल्या दुधाच्या हिशेबाला मात्र सकळ लिपी नको! काही ॲपे अशीच असतात. आत लिहिलेले त्यांच्याच घरात वाचता येते, बाहेर काढू म्हटले तर निघत नाही. म्हणून ॲप घेतल्याबरोबर पहिल्याच दिवशी एक टिपण लिहावे आणि ते दुसऱ्या फोनवर पाठवून पाहावे. पोचले आणि वाचता आले तर पुढे जावे.

आता नावे घेते. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर गूगलचे कीप मिळते. हे २०१३ साली निघाले, त्याला पैसे पडत नाहीत. आपल्यासारख्यांना मी हेच सांगते. त्यात यादी करता येते, वस्तू आणली की तिच्यापुढच्या चौकोनात खूण करावी. अमुक वाजता आठवण दे म्हटले तर देते, सासूबाईंच्या गोळ्यांना ह्याचा फार उपयोग होतो. रेंज नसली तरी लिहिता येते, रेंज आली की ते आपोआप खात्यात जाऊन बसते. एकच टिपण दोघींना उघडे करता येते, म्हणजे अध्यक्ष आणि सचिव दोघीही त्यात लिहू शकतात. चुकून पुसले तर ७ दिवसपर्यंत कचऱ्याच्या पेटीत सापडते, त्यानंतर नाही.

परंतु कीपची सगळी मदार गूगलच्या खात्यावर आहे आणि इथेच आपल्या बायांचे घोडे अडते. फोन घेतला तेव्हा ते खाते कोणी काढले? कोणाच्या मुलाने, कोणाच्या भाच्याने, नाहीतर दुकानातल्या पोराने. पासवर्ड त्यालाच ठाऊक, पुष्कळदा त्यालाही आठवत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईचा फोन फुटला. नवा फोन पासवर्ड विचारू लागला. तो कोणालाच सांगता येईना आणि खात्याला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला. तिच्या तीन वर्षांच्या नोंदी होत्या. कोणत्या बाईला कितीची उचल दिली, तेही त्यांतच होते. टिपणे कुठे जळली नाहीत, बुडाली नाहीत, पण तिला दार उघडता आले नाही. उचल घेणाऱ्या बायांनी आठवून आठवून आकडे सांगितले. दोघींचा आकडा जुळला नाही आणि त्यांचा अबोला अजून आहे.

तेव्हा खाते आपल्या नावाचे असावे, नंबर आपला चालू असलेला असावा, पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवावा. होय, कागदावरच. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला तो डबा माहीत असावा. दोन वर्षे कोणी उघडले नाही तर गूगल खाते काढून टाकू शकते, तसा त्यांचा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला आहे. जुन्या फोनबरोबर जुने खाते पेटीत टाकून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एव्हरनोट नावाचे ॲप २००८ पासून आहे आणि त्याचे नाव फार मोठे होते. डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्यांना त्यात ५० टिपणे आणि एकच वही एवढीच मुभा राहिली. जुनी टिपणे वाचता येतात, बाहेरही काढता येतात, पण मर्यादा भरली की नवे लिहिता येत नाही. कंपनीला धंदा करावयाचा आहे, तिला दोष देत नाही. फुकटची जागा मालकाच्या मर्जीची असते, एवढे कळले म्हणजे झाले. मायक्रोसॉफ्टचे वननोट फुकट आहे, त्यात वह्या, विभाग, पाने अशी कपाटासारखी मांडणी आहे. शिकणाऱ्या मुलींना ते चांगले, भाजीच्या यादीसाठी एवढे कपाट कोण उघडत बसणार! जॉप्लिन आणि ऑब्सिडियन ह्यांत टिपणे साध्या मजकुरात लिहितात आणि बाहेर काढावयास अडचण नसते. कॉम्प्युटर हाताळणारा मुलगा घरात असेल तर त्याला विचारा.

काही जणी म्हणतील, आम्ही व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवतो. तशी सोय २०२२ च्या अखेरीस आली. त्याआधी आपण दोघींचा ग्रुप काढून दुसरीला त्यातून बाहेर काढत होतो, आठवते ना? सुरुवातीला हे ठीक आहे. पण महिन्याभरात त्याची अडगळ होते. हरभऱ्याच्या डाळीखाली लग्नाची तारीख, तिच्याखाली कोणाच्या पत्त्याचा फोटो.

मराठी लिहावयाचा कंटाळा असेल तर बोलून लिहिता येते. गूगलने मराठी बोलणे ओळखण्याची सोय २०१७ साली दिली. आपल्या झाडीच्या बोलीतला एखादा शब्द त्याला उमगत नाही, तेव्हा पुस्तकी बोलावे लागते. पण आकडा मात्र बोलून झाल्यावर डोळ्यांनी वाचून घ्यावा. पावणेदोनशे आणि दोनशे ह्यांत पंचवीस रुपयांचे भांडण आहे. आणि एक नाव एकाच तऱ्हेने लिहावे. एकदा "धान", एकदा "भात" असे लिहिले तर शोधताना अर्धेच सापडते.

गटाच्या हिशेबाविषयी माझे मत स्पष्ट आहे. पंचसूत्रीतले पाचवे सूत्र हिशेब लेखनाचे आहे आणि ते रजिस्टरावरच व्हावे, सह्यांसकट. ॲपात त्या पानाचा फोटो ठेवावा, तो दोघींच्या खात्यांत असावा. बँकेचा पिन, एटीएमचा आकडा कोणत्याही ॲपात लिहू नये, फोन ज्याच्या हाती त्याच्या हाती तिजोरी. आणि मोहरीच्या डब्यातल्या पैशांची नोंद घरभर फिरणाऱ्या फोनात ठेवावी की नाही, हे जिने तिने आपल्या घराकडे पाहून ठरवावे. मी तर म्हणते, डोक्यातच ठेवावी.

पुढल्या बैठकीला ज्यांना खाते तपासून पाहावयाचे आहे त्यांनी फोन, चार्जर आणि खात्याला जोडलेला चालू नंबर घेऊन यावे. दोघी-दोघींच्या जोड्या करू आणि एकीचे टिपण दुसरीच्या फोनवर उघडते काय ते तिथेच पाहू. ज्यांचा पासवर्ड मुलाजवळ आहे त्यांनी आज रात्रीच त्याला फोन लावावा.