कुंडीतील तांबडा गुलाब : लावणी आणि जबाबदारी

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाणीपुरवठा, रस्ते, शाळांच्या इमारती अशा जिव्हाळ्याच्या प्रश्नांवर सकाळपासून आपण चर्चा करीत आहात. अशा शिबिरात कुंडीतील गुलाबावर बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. शिवाय मी शेतीतज्ज्ञ नाही. मी कला शाखेचा पदवीधर असून माझी सारी नोकरी माहिती खात्यात, बातम्या लिहिण्यात गेली आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला, याचे कारण माझ्याच हातून लिहिली गेलेली एक बातमी आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथे एका समारंभाच्या निमित्ताने व्हऱ्हांड्यात तांबड्या गुलाबाच्या वीस कुंड्या मांडण्यात आल्या. ‘परिसर सुशोभित करण्यात आला’ असे वाक्य मी बातमीत लिहिले आणि ते छापूनही आले. दोन महिन्यांत त्यांपैकी एकोणीस झाडे मेली. त्याची बातमी अर्थातच कोणी लिहिली नाही. विसावे झाड तेवढे जगले, कारण कार्यालयातील एका वयस्क शिपायाने ती कुंडी उचलून मागच्या दारी, नळाजवळच्या उन्हात नेऊन ठेवली होती. पुढे डिसेंबरात त्या झाडाला अकरा फुले आली. ती मी मोजली आणि मला स्वतःची लाज वाटली. ती एकोणीस झाडे का मेली, हे त्या शिपाईमामांना आणि नंतर अनेक माळ्यांना विचारून मी जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम झाडाची निवड. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या हरितगृहांतून दर फेब्रुवारीत लांब दांड्याचा तांबडा गुलाब परदेशी जातो. त्याचे रूप पाहून आपण तशीच उंच वाढणारी जात कुंडीत लावू पाहतो आणि निराश होतो. लहान जागेसाठी दोन प्रकार योग्य. एक, गुच्छाने फुलणारा फ्लोरिबंडा. त्यातील आटोपशीर वाढणाऱ्या जाती निवडाव्यात. दुसरा, ज्याला रोपवाटिकेत ‘बटण गुलाब’ किंवा मिनिएचर म्हणतात तो. याची उंची साधारणपणे ३० ते ४५ सेंटिमीटर असते. पाने, काटे, फुले सारेच त्या मानाने लहान असते.

या लहान गुलाबाचा इतिहास खेड्यातील मंडळींनी ऐकण्यासारखा आहे. युरोपातील बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. पुनःपुन्हा फुलणारा किरमिजी गुलाब तेथे पोहोचला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, चीनमधून. त्याच चिनी कुळातील एक खुजे झाड पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमधील एका खेड्यात, घरांच्या खिडक्यांतील कुंड्यांत वाढताना आढळले. ते नव्याने लागवडीत आले. त्यापासून हॉलंडच्या यान द व्हिंक यांनी संकर करून ‘टॉम थंब’ ही पांढऱ्या मध्याची तांबडी जात तयार केली. ती १९३६ साली बाजारात आली. आजच्या बटण गुलाबांच्या घराण्यात तिचे स्थान मोठे आहे. मोठमोठ्या उद्यानांनी जे विसरले होते, ते गावकऱ्यांच्या खिडक्यांनी सांभाळले होते.

आपल्याकडेही गुलाब हा केवळ रिकामपणाचा छंद मानला गेलेला नाही. नाशिकला मोगलांच्या काळात ‘गुलशनाबाद’ म्हणत. गव्हाच्या तांबेरा रोगाशी झुंजणाऱ्या जातींवर काम करणारे आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाच्या अनेक नव्या जाती निर्माण केल्या. १९६६ साली त्यांनी भारतातील गुलाबावर ग्रंथही लिहिला. देशाच्या अन्नाची चिंता वाहणाऱ्या या शास्त्रज्ञाला गुलाबासाठीही वेळ काढावासा वाटला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष लावणीकडे वळू. फ्लोरिबंडासाठी ३० सेंटिमीटर तोंडाची, तर बटण गुलाबासाठी २० ते २५ सेंटिमीटरची मातीची कुंडी पुरते. तळाच्या भोकावर खापराचे तुकडे पालथे ठेवावेत, म्हणजे पाणी निचरते आणि माती वाहून जात नाही. नुसती काळी माती भरू नये. ती ओली असता चिकटते आणि वाळली की भेगाळते. दोन भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण करावे. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. रोपाची पिशवी कापून काढावी. मात्र मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. कलमी झाड असेल तर डोळा भरलेली जागा मातीच्या वर राहिली पाहिजे. त्या जागेखालून, म्हणजे खुंटातून, फुटणारे धुमारे मुळापाशीच काढून टाकावेत. ते राखले तर जंगली खुंट वाढतो आणि कलम मरते. छाट्यापासून तयार केलेल्या बटण गुलाबाला ही भीती नसते.

आमची झाडे मेली त्याचे पहिले कारण व्हऱ्हांडा. गुलाबाला निदान पाच ते सहा तास ऊन हवे. शोभेसाठी सावलीत मांडलेला गुलाब प्रथम फुलणे सोडतो आणि मग जगणे सोडतो. दुसरे कारण पाणी. फरशी खराब होऊ नये म्हणून आम्ही कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या होत्या. त्यात पाणी साचून मुळे कुजली. सोमवारी तिघे जण पाणी घालीत आणि शनिवार-रविवारी कोणीच नाही. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. कोरडे लागले तरच सकाळी, बुंध्याशी, भरपूर पाणी द्यावे. भर उन्हाळ्यात रोज, क्वचित दोनदाही, द्यावे लागेल. पावसाळ्यात कित्येक दिवस द्यावे लागणार नाही.

लहान कुंडीचा मोठा गुण असा की, ती हलविता येते. कोकणातील संततधारेत ती वळचणीच्या धारेखालून काढून वाऱ्याच्या जागी ठेवावी. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात गडद तांबड्या पाकळ्या करपतात. तेव्हा दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा द्यावी.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटणी करावी. धारदार सिकेटरने, बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप घ्यावा. वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढून टाकाव्यात. बटण गुलाबाची छाटणी हलकी ठेवावी. कापांना बोर्डो पेस्ट लावावी, म्हणजे शेंड्याकडून खाली वाळत जाण्याचा रोग रोखण्यास मदत होते. साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येऊ लागतात. कोमेजलेले फूल झाडावर राहू देऊ नये. त्याचे फळ धरले की झाडाची शक्ती तिकडे जाते. पाच पर्णिकांच्या पहिल्या पानापर्यंत दांडा कापावा, तेथूनच नवी फूट येते.

पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात. अशी पाने वेचून जाळून टाकावीत. थंडीत भुरी येते, कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो, तर उन्हाळ्यात पानामागे तांबडा कोळी आढळतो. माव्यावर ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा. औषधांपेक्षा आठवड्यातून एकदा पान उलटून पाहण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

आणि आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. हे सारे ज्ञान आमच्या कार्यालयातही कोणाला ना कोणाला होते. उणीव होती ती एका नावाची. वीस कुंड्या सर्वांच्या होत्या, म्हणून त्या कोणाच्याच नव्हत्या. त्या शिपाईमामांनी कोणाच्याही आदेशाशिवाय एक कुंडी आपली मानली, एवढाच काय तो फरक होता.

म्हणून माझी विनंती अशी आहे. शाळेत अथवा ग्रामपंचायतीत वीस कुंड्या मांडू नका, पाचच मांडा. पण प्रत्येक कुंडीवर सांभाळणाऱ्याचे नाव लिहा. नाव मुलाचे असो, शिपायाचे असो वा सरपंचांचे असो. शाळांतील बहुतेक झाडे उन्हाळ्याच्या सुटीत जातात. तेव्हा सुटी लागण्यापूर्वी त्या मुलाने कुंडी घरी न्यावी आणि जूनमध्ये परत आणावी. त्या मुलाची बदली वा गावांतर झाले, तर कुंडी कोणाच्या हवाली केली याची नोंद हजेरीपटाच्या मागच्या पानावर करावी. ज्याला पाच कुंड्यांचा हिशेब देता येतो, त्याच्या हाती रस्त्याकडेची पाचशे झाडे निःशंकपणे सोपविता येतात.

लावणीच्या दिवशी मला बातमीसाठी बोलावू नका. डिसेंबरात बोलवा. मी येईन, फुले मोजीन, आणि कुंडीवरचे नाव लिहून घेऊन बातमी देईन.