फ्रेड विंटरची मांड

मुंबईत महालक्ष्मीला होणाऱ्या घोड्यांच्या शर्यती सपाट मैदानावरच्या. इंग्लंड-फ्रान्समध्ये मात्र कुंपणं आणि पाण्याचे चर ओलांडत धावणाऱ्या घोड्यांच्याही शर्यती होतात. फ्रेड विंटर हा त्या शर्यतींतला थोर इंग्रज जॉकी.

17 जून 1962, पॅरिसचं ऑतॉय रेसकोर्स. विंटर मँडरिन नावाच्या घोड्यावर बसला तेव्हा त्याचं पोट बिघडलं होतं, अंगात त्राण नव्हतं. शर्यत सुमारे साडेसहा किलोमीटरची, मार्ग वळणावळणाचा. सुरुवातीच्या काही उड्यांतच घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी तुटली. आता घोडा आवरायचा कसा, वळवायचा कसा? विंटरनं मांड घट्ट केली, वळायचं त्या बाजूला अंगाचा भार टाकला आणि मँडरिनला एकेका कुंपणावरून पार नेलं. अखेरीस घोड्याचा पायही दुखावला. तरी मँडरिन जिंकला, अगदी निसटत्या फरकानं. त्याच दुपारी विंटरनं दुसऱ्या घोड्यावर आणखी एक शर्यत मारली!

तो चार वेळा चॅम्पियन जॉकी झाला. हे यश फुकटचं नव्हतं. उमेदवारीच्या काळातच पाठीचे मणके मोडले. पुढे 1953 मध्ये पाय मोडला आणि सबंध हंगाम हातचा गेला.

1964 मध्ये तो खोगिरावरून उतरला. शर्यत सुरू करून देणाऱ्या स्टार्टरची नोकरी त्यानं मागितली, ती मिळाली नाही. मग इंग्लंडमधल्या लँबोर्नला अपलँड्स इथं त्यानं स्वतःचा तबेला सुरू केला. ग्रँड नॅशनल ही शर्यत जॉकी म्हणून त्यानं 1957 आणि 1962 मध्ये जिंकली होती. ट्रेनर म्हणून 1965 मध्ये जे ट्रम्प आणि 1966 मध्ये अँग्लो हे त्याचे घोडे तीच शर्यत जिंकले.

पण ट्रेनर म्हणून त्याची खरी करामत दिसते ती एका हरलेल्या शर्यतीत. 1973 च्या ग्रँड नॅशनलमध्ये त्याचा क्रिस्प हा घोडा पाठीवर ठरवून दिलेलं सुमारे 76 किलो वजन घेऊन बाकीच्यांच्या कितीतरी पुढे धावत होता. प्रतिस्पर्धी घोडा रेड रम याच्या पाठीवर त्याहून साडेदहा किलो कमी होते. शेवटच्या काही ढांगांत रेड रमनं त्याला गाठलं. हार घोड्याच्या जेमतेम पाऊण लांबीची! एवढं ओझं घेऊन घोडा असा पळतो, त्यामागे तबेल्यातली रोजची मेहनत असते.

आठ वेळा तो चॅम्पियन ट्रेनर ठरला. ग्रँड नॅशनल, चेल्टनहॅम गोल्ड कप आणि चॅम्पियन हर्डल या तिन्ही शर्यती जॉकी आणि ट्रेनर अशा दोन्ही नात्यांनी जिंकणारा तो एकटाच.